रिकाम्या डब्यातली साखर

लातूर
३ जुलै २०२४

गौराक्का,

तुमचा डबा माझ्याकडं राहिला आहे. तीन पुडाचा, झाकणावर ठिपक्यांनी तुमचं नाव कोरलेला, मधल्या पुडाला चेप पडलेला. फेब्रुवारीत त्या दिवशी तुमच्या सिद्धूच्या खोलीवरून मी तो उचलून आणला, तेव्हापासून तो माझ्या फळीवर आहे. रोज बेचाळीस डबे माझ्या हाताखालून जातात. सकाळी गावाकडच्या गाड्यांनी भरून येतात, मी ते हातगाडीवर घालून शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांवर पोचवते, संध्याकाळी रिकामे गोळा करून परत गाडीत ठेवते. परत न गेलेला हा एकटाच.

कुणी म्हणेल, मग पाठवून दे की बाई. अण्णाराव कंडक्टरची मुक्कामी गाडी तर रोज तुमच्या गावालाच जाते. पाठवला असता. पण कुणाचं भांडं रिकामं परत धाडू नये, ही रीत तुमच्यातबी आहे आणि आमच्यातबी. त्यात काय घालू तेच मला कळंना. म्हणून पाच महिने तो तिथं बसला आहे आणि मी येता-जाता त्याच्याकडं बघून राहिले.

फोन केले नाहीत असं समजू नका. वाजतो, वाजून बंद होतो. एकदा तुमच्या घरच्यांनी उचलला आणि रॉंग नंबर म्हणून ठेवला. म्हणून लिहायला बसले. माझं मराठी जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, नववीपर्यंतचं. पण माझं अक्षर तुम्हाला नवं नाही. पावणेदोन वर्षं आपण झाकणातून चिठ्ठ्या धाडल्या. तोंडभरून बोललो एकदाच, सिद्धूच्या ॲडमिशनच्या दिवशी, तेही रसवंतीच्या बाकड्यावर पाच मिनिटं. तरी माझ्या सख्ख्या बहिणीला माझ्या गुडघ्याचं माहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची पहिली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आमचे घरवाले खाजामियाँ गेले, त्यांची हातगाडी मी हातात घेतली, आणि बाईमाणूस डबे ओढणार म्हणून स्टँडवर सगळे दात काढत होते, त्याच आठवड्यात ती आली. तुम्ही लिहिलं होतं, 'आपा, माझं पोरगं लाजरं हाय, मागून घेणार न्हाई. डबा रिकामा आला की मला इकडं घास उतरतो.' मी ती वाचली आणि ठरवलं की ह्या बाईचा डबा आधी.

आणि लाजरा कसला हो. पहिले दोन महिने होता. नंतर चढावर माझी गाडी मागून ढकलायला तोच यायचा. पिशव्यांवरची नावं पुसली की रंगाची डबी घेऊन सुबक अक्षरात पुन्हा काढायचा. तुमच्या शेंगाच्या चटणीला शिव्या घालायचा आणि बोट चाटून खायचा. त्याच्या अक्षरातली नावं अजून माझ्या पिशव्यांवर आहेत. पुसत आलीत, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्ही मला एकच वाक्य बोललात. 'आपा, डबा तर रोज रिकामा येत होता.' मी काही बोलले नाही. ही रडून राहिली म्हणून बोलत नाही, असं तुम्हाला वाटलं असंल. तसं नव्हतं. पण ते आज राहू द्या.

आज एवढंच विचारते. तो कसा आहे? जेवतो का?

तुमची,
गौसिया


२८ जुलै २०२४

गौराक्का,

अण्णाराव म्हणाला, पत्र तुमच्या हातातच दिलं. तुम्ही पदराखाली धरलं आणि आत गेलात, बोलला काही नाहीत. फाडलं नाहीत, एवढ्यावर मी चार दिवस खूश होते. मग पाचव्या दिवशी वाटलं, चुलीत घालायला काय वेळ लागतो.

अण्णारावनं मला हळूच विचारलं, सिद्धूला टायफाईडच झाला होता ना? गावात तसंच म्हणतात. मी हाव म्हटलं. तुमचा शब्द मी मोडणार नाही. पण खोटं बोलताना जीभ जड होते, आणि माझी आधीच लई जड झालेली आहे.

इकडचं सांगते. क्लासेसच्या मागच्या गल्लीत जी शाळा आहे ना, अकरावी-बारावीवाली, तिथं एक मंजुश्री मॅडम आल्या आहेत. पोरांचं मन बघणाऱ्या. सडपातळ, चष्मा, पायात माझ्यासारख्याच झिजलेल्या चपला. त्या स्टँडवर आल्या आणि म्हणाल्या, रविवारी शाळेत या, सगळ्यांना बोलावलं आहे. मी म्हटलं, मी डबेवाली आहे, डॉक्टरीण नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच या. मला राग आला. पण मी गेले. का गेले ते तुम्हाला सांगायला नको.

शाळेच्या हॉलमध्ये कोण-कोण होतं बघा. अभ्यासिकेचा वॉचमन, झेरॉक्सवाला, दोन खानावळवाल्या, तीन ऑटोवाले आणि तो केस कापणारा दयानंद. आम्ही सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलो. मॅडम म्हणाल्या, पोरं मास्तरांसमोर तोंड सांभाळतात, घरच्यांशी फोनवर आवाज सांभाळतात. तुमच्यासमोर सांभाळत नाहीत, कारण तुम्ही त्यांना दिसतच नाही. तेव्हा तुम्हाला काय दिसतं ते सांगा.

वॉचमन म्हणाला, एक पोरगं तीन दिवस एकच पान उघडून बसलं होतं, मी समजलो अवघड असंल. दयानंद म्हणाला, एकानं खुर्चीत बसून विचारलं की माणसाला झोपच आली नाही तर काय होतं, मी त्याला डोक्याला तेल लावून दिलं. प्रत्येकजण असंच काहीतरी सांगत गेला आणि सांगता-सांगता खाली बघायला लागला. मग मॅडमनी मला विचारलं, आपा, तुम्हाला काय दिसतं?

मी म्हटलं, मला डबे दिसतात, दुसरं काय दिसणार. सगळे हसले. मीबी हसले.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला पटलं नाही. म्हणाल्या, शंका आली तर सरळ विचारायचं की बाळा, मरायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर उलट बाहेर यायला वाट मिळते. मी मनात म्हटलं, या बाईला लेकरं नसतील. असं अभद्र कुणी तोंडावर विचारतं का?

घरी येऊन ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. हल्ली असंच चाललंय माझं.

गौसिया


१९ ऑगस्ट २०२४

गौराक्का,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडलं तरी चालेल. पण आधी पुरतं वाचा, शिवाची आण आहे.

आज संध्याकाळी डबे गोळा करून आणले. चाकूरच्या सुमय्याचा डबा हातात घेतला आणि तो जड होता. झाकण न उघडता मला वजनावरून कळतं. तिसरा दिवस. मी उघडला, पोळ्या काढल्या आणि सवयीनं गोठ्याकडं निघाले. आमच्या दोन शेळ्या आहेत ना, त्या मला बघून उठल्याच. आणि माझा हात तिथंच थांबला.

तुम्ही पायऱ्यांवर म्हणालात की डबा रोज रिकामा येत होता. गौराक्का, तो मी रिकामा करत होते.

सतरा दिवस. जानेवारीच्या शेवटापासून. पहिल्या दिवशी भाकरी, वांगं, चटणी, सगळं जसंच्या तसं होतं. सिद्धू म्हणाला, आपा, पोटात बरं नाही, आईला कळू देऊ नका, ती जेवणार नाही. मला तुमची चिठ्ठी आठवली. रिकामा आला की घास उतरतो. मी म्हटलं, तू काळजी नको करू बाबा. शेळ्यांना घातलं, डबा घासला आणि रिवाजाप्रमाणं त्यात चिमूटभर साखर टाकून पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यानं काहीच सांगितलं नाही. मीच आपणहून केलं. पुढचे सगळे दिवस मीच केलं.

का केलं तेही सांगते, पण ते माफीसाठी नाही. त्याच्या आधीच्या वर्षी एका पोराचा डबा भरलेला गेला होता. त्याची आई पहिल्या गाडीनं आली आणि स्टँडवर चार लोकांत त्याला बोलली. ते पोरगं डबा छातीशी धरून रडलं. तेव्हापासून मी ही पद्धत धरली होती. पोराची अब्रू राहते, आईचं पोट भरतं, शेळ्या धष्टपुष्ट होतात. मला वाटायचं, मी सवाबाचं काम करून राहिले. पुण्य म्हणा तुमच्यात. खाजामियाँसुद्धा तसंच करायचे.

त्या दिवसांत तुमची एक चिठ्ठी आली होती. 'साखर गोड लागली आपा. चाचणीत नंबर घसरला म्हणून ह्याला खालच्या ब्याचला टाकलंय, पण लेकरू जेवतंय, म्हणजे बरं हाय.' मी ती वाचली आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, गौराक्का.

आणखी एक आहे. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. चौदाव्या-पंधराव्या दिवशी डबा देताना तो जिन्यावर बसून होता. मला म्हणाला, "आपा, आईच्या हातचं शेळ्यांना आवडतं का?"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मी हसून म्हटलं, तुझ्या आईमुळं लई माजल्यात दोघी, ईदपर्यंत दारात मावणार नाहीत. तो हसला. मीबी गाडी घेऊन पुढं गेले, मागं पस्तीस डबे होते. ते लेकरू मला काहीतरी सांगून राहिलं होतं आणि मी त्याला शेळ्यांचं सांगून राहिले. त्यानंतर तीन दिवसांनी ते झालं. त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला वेळेवर कळलं म्हणून तो हाती लागला. त्या पोराचा डबा मी कधी उघडला नव्हता, पण रोज त्याच्यासाठी दुआ करते.

मंजुश्री मॅडमला मी आज हे सांगितलं. त्या म्हणाल्या, एका गोष्टीनं असं होत नसतं आपा, कारणं लई असतात, सगळं तुमच्या डोक्यावर घेऊ नका. त्यांचं खरं असंल. पण तुम्हाला जे दिसायला हवं होतं ते मी सतरा दिवस पुसून टाकलं, एवढं तर माझंच आहे.

म्हणून आज डबा परत पाठवते. आत हे पत्र आहे. साखर घातलेली नाही. ती घालायचं तोंड मला राहिलेलं नाही.

गौसिया


१५ सप्टेंबर २०२४

गौराक्का,

उत्तर नाही आलं. येऊ नये असंच ते पत्र होतं. पण सुमय्याचं अर्धवट सोडलं होतं, ते पुरं करते. तुम्हाला ऐकायचं नसलं तरी मला तुम्हालाच सांगायचं आहे. बाकी कुणाला सांगून उपयोग नाही.

त्या संध्याकाळी मी शेळ्यांना काही घातलं नाही. पोळ्या परत डब्यात ठेवल्या, झाकणात चिठ्ठी घातली की पोरीनं आज खाल्लं नाही, तिसरा दिवस आहे, आणि डबा तसाच चाकूरच्या गाडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्टेलवर गेले. सुमय्या पायरीवर बसली होती. मी सांगितलं की तुझा डबा मी भरलेलाच परत धाडला. ती अशी चिडली म्हणून सांगू. म्हणाली, घालायचा होता की शेळ्यांना, अब्बूंना कशाला त्रास.

मी गाडी उन्हात सोडली आणि तिच्याशेजारी बसले. गुडघा कटकन वाजला. मॅडमनी सांगितलेलं ते वाक्य मला अजून अभद्रच वाटत होतं, पण जिन्यावरचा सिद्धू डोळ्यासमोर होता. म्हटलं, पुन्हा शेळ्यांचं बोलणार नाही. विचारलं, "बेटा, मरायचा विचार येतो का मनात?"

लई वेळ ती पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली. मग म्हणाली, "रोज नाही, आपा."

मी ओरडले नाही, अल्लाचं नाव घेऊन समजावलं नाही, तुझे आईबाप किती कष्ट करतात तेही काढलं नाही. मॅडमनी तसं बजावलं होतं. मी म्हटलं, ज्या दिवशी येतो त्या दिवशी काय होतं ते सांग. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. तीस पोरांचं जेवण उन्हात होतं, वरून दोघी-चौघी ओरडल्या की आपा, भूक लागली. मी म्हटलं, येऊन घेऊन जा हातानं, पाय आहेत ना? मग तिला एकटीला न सोडता चालत शाळेत घेऊन गेले आणि मॅडमच्या खोलीत दोघींच्या मध्ये बसवलं.

तिचे अब्बू, मुनीबभाई, चाकूरला सायकली दुरुस्त करतात. डबा बघून त्याच दिवशी आले. माझ्या गाडीवर डबा आपटला आणि म्हणाले, तुमचं काम डबा पोचवायचं, माझ्या पोरीचं नाव स्टँडवर काढायचं नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. एरवी मी त्यांना चाकूरपर्यंत पायी पाठवलं असतं. पण मी म्हटलं, भाई, ओरडून झालं की झाकण उघडा. आधीच्या दोन दिवसांचं मी टाकून दिलं, ती चूक माझी. कालचं मात्र तुमच्यासाठी ठेवलं आहे.

त्यांनी उघडलं. वाळलेल्या पोळ्या, मेथी, कोपऱ्यात गुळाचा खडा, कशालाच बोट लागलेलं नव्हतं. ते तिथंच बाकड्यावर बसले. तेलानं काळे झालेले हात मांडीवर ठेवून विचारलं, तुम्हाला काही बोलली का ती? मी म्हटलं, बोलली. तुम्ही विचाराल तर तुम्हालाबी बोलंल, पण रागावून विचारू नका.

मॅडमनी बापलेकीला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. शाळेनं महिनाभर चाचण्यांतून सूट दिली. सुमय्या आता चाकूरहून गाडीनं ये-जा करते, आठवड्यातून एकदा मॅडमकडं बसते. घरूनच जेवून येते, तिचा डबा बंद झाला. स्टँडवर कुणी विचारलं तर मी सांगते, एक गिऱ्हाईक गेलं, लई चांगलं झालं.

बाकीच्या एक्केचाळीस आयांना मी चिठ्ठी पाठवली आहे. आजपासून डबा जसा उरंल तसा परत येईल, बघून घ्या, पोराला बोलू नका, विचारा. पिशव्यांच्या आतून मॅडमनी दिलेला तो फुकटचा नंबर लिहिला आहे, १४४१६, कुणाशी बोलावंसं वाटलं तर. काही आया माझ्यावर लई रागावल्या आहेत. एक म्हणाली, आमचं अन्न आम्हालाच दाखवती काय. मी म्हटलं, हाव.

हे सगळं सिद्धूच्या वेळी करता आलं असतं. डबा तोच होता, गाडी तीच होती, मीबी तीच होते.

गौसिया


२० ऑक्टोबर २०२४

गौराक्का,

हे पत्र कुठं पाठवू ते मला माहीत नाही.

अण्णाराव म्हणाला, तुमच्या घराला पंधरा दिवस झाले कुलूप आहे. शेजारी गुरुबसप्पांना विचारलं तर ते नुसती मान हलवतात. माझा डबा, म्हणजे तुमचाच, त्यानं ऑगस्टमध्ये तुमच्या ओट्यावर ठेवला होता. तुम्ही उचलला की मांजरानं पाडला, ते त्याला सांगता येत नाही.

मी दोन दिवस गाडीच ओढली नाही. पोरांना सांगितलं, येऊन घेऊन जा. आयुष्यात पहिल्यांदा. कुलूप म्हणजे काय समजू मी? माझ्या मनात काय-काय येतं ते कागदावर उतरवणार नाही. माझं ते पत्र सिद्धूच्या हाती पडलं का? त्याला असं वाटलं का, की हिनंबी मला फसवलं? मी खरं सांगून पुन्हा काही वाटोळं तर केलं नाही ना?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नसताना शेवट ठरवू नका. त्यांना म्हणायला काय जातं. नंतर त्याच माझ्या घरी आल्या, पोहे करून मला समोर बसून खाऊ घातले आणि गेल्या.

गौराक्का, तुमच्याशी बोलायची मला लई सवय लागली होती हो. कांद्याचा भाव, नणंदेचं लग्न, तुमच्या म्हशीचं आडमुठेपण. झाकण उघडलं की तुमच्या घरचा चुलीचा वास यायचा. तुमच्याकडची निलंग्याची गाडी स्टँडात वळली की अजून माझी मान तिकडं वळते. त्या गाडीत माझ्यासाठी काही नसतं, तरी वळते. तो बरा असावा. तुम्ही माझ्याशी जन्मभर बोलू नका, पण तो बरा असावा. एवढं मला कुणीतरी सांगा.

पत्र उशीखाली ठेवते. पत्ता कळला की धाडीन.

गौसिया


८ डिसेंबर २०२४

गौराक्का,

आज सकाळी अण्णाराव गाडीतून उतरला तोच हसत. हातात पिशवी होती. मी म्हटलं, कुणाचा नवा डबा? तो म्हणाला, जुनाच आहे, बघ.

तुमची पिशवी, तुमचा डबा. मधल्या पुडाची चेप. पिशवीवर नाव होतं, ताज्या रंगात, सुबक अक्षरात, 'गौसिया आपा, लातूर'. ते अक्षर कुणाचं आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथंच चौथ्या फलाटावर खाली बसले. लोकांना वाटलं बाईला चक्कर आली, एकानं पाणी आणलं. मी म्हटलं, मला पाणी नको, जरा सरका, उजेड येऊ द्या.

झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी होती. अर्धीच, कडेला दातांनी तोडलेली. तिच्याखाली तुमची चिठ्ठी. ती मी इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली आहे, तरी इथं उतरवून काढते. तुम्ही काय लिहिलंत ते माझ्या अक्षरात बघावंसं वाटतं.

'आपा, तुमचं पत्र वाचून तुमच्यावर लई राग आला. चार रोज जेवले न्हाई. मग म्हणलं, तुमी डबा झाकला, मी टायफाईड म्हणून पोराला झाकलं, दोघींनी एकच केलं. त्याला माझ्या भावाकडं मुदखेडला नेलं. तितं फुलाच्या मळ्यात काम करतो, नांदेडला डाक्टरकडं पंधरा दिवसाला जातो, गोळ्या चालू हायेत. काई दिवस बरे जातात, काई जात न्हाईत. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. हसला. म्हणला, शेळ्यांना तुझी चटणी तिखट लागली असंल. लई दिसांनी हसला. काल गावाकडं आलोत. आज त्यानं अर्धीच खाल्ली. म्हणला, उरलेली आपाला धाडू. उष्टं हाय, राग मानू नका. तुमाला दावायला धाडली.'

गौराक्का, तुमच्या घरात जंगम स्वामींचं जेवण होतं, शिवाशिव पाळणारी तुमची सासू अजून ओसरीवर बसते. आणि त्या घरातून माझ्या घरी उष्टी भाकरी आली. मला आजवर कुणी ईदला शिरखुर्मा पाठवला, दिवाळीला लाडू पाठवले. एवढं मोठं मला कुणी काही पाठवलेलं नाही.

एक्केचाळीस डबे आज उशिरा पोचले. कुणी ओरडलं नाही, कारण मी वाटेत सगळ्यांना सांगत सुटले होते की माझा एक पोरगा अर्धी भाकरी खातो. त्यांना वाटलं आपाला वेड लागलं. मंजुश्री मॅडमना मात्र सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

घरी येऊन मी हातपाय धुतले आणि ती भाकरी ताटात घेतली. शेळ्या दारात येऊन बघत होत्या, त्यांना म्हटलं, ही तुमची नाही. लसणाच्या चटणीशी खायला बसले. खरं सांगते, जुलैपासून मी धड जेवलेली नाही. तुम्हाला मागं लिहिलं होतं की ताट झाकून ठेवते, पण किती दिवस ते लिहिलं नव्हतं. आजबी वाटलं होतं की सगळी खाईन. घास गोड लागला, पण पोटाची सवय मोडलेली, पुढं जाईना.

डबा उद्याच्या मुक्कामी गाडीनं परत धाडते. मला त्या अर्धीतली अर्धीच गेली. उरलेला तुकडा आत ठेवला आहे, तुम्हीबी बघून घ्या आणि सिद्धूलाबी दाखवा. साखर घातलेली नाही.

तुमची,
गौसिया